गावची जमीन आणि पंचायतीचा परवाना

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, नाटक अशा विषयांना मान असतो आणि तो योग्यच आहे. मला मात्र आपण एका रुक्ष विषयावर बोलण्याची परवानगी दिलीत. गोव्यातल्या गावात एखादी जमीन शेत राहणार की तिच्यावर घरे उठणार, हे कोण ठरवते, कसे ठरवते आणि त्यात आपल्या पंचायतीचा वाटा किती, हा तो विषय. कार्यवाहांनी विषय ऐकून क्षणभर माझ्याकडे पाहिले. परंतु नकार दिला नाही, याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे.

हा विषय ग्रंथालयात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी देण्याचा प्रयत्न करीन. आरंभी इतकेच सांगतो की, ज्या कागदांवर आपल्या गावाचे भवितव्य लिहिलेले असते ते कागद वाचणारी माणसे गावात फार थोडी असतात, आणि वाचनाचा संस्कार ज्या वास्तूने शंभर वर्षे जपला तिच्यापेक्षा हा विषय काढण्याला अधिक योग्य जागा मला सुचली नाही.

गोमंतकाला जमिनीचे नियमन नवे नाही. आपल्या गावकऱ्या, ज्यांना पुढे कोमुनिदाद हे नाव पडले, त्या गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहात. बांध कोणी बांधायचे, मानशीचे दार केव्हा उघडायचे, पडीक जमीन कोणाला लागवडीस द्यायची, हे गावकार बसून ठरवीत. पोर्तुगीज सत्तेने १५२६ साली या चालीरीतींची नोंद एका सनदेत करून घेतली, ती ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. तीत गावकारांच्या कुळांतील पुरुषांना आवाज होता. कुळाला, मुंडकाराला, स्त्रियांना नव्हता. तेव्हा मी त्या काळाकडे परत चला असे म्हणणार नाही. परंतु त्या व्यवस्थेजवळ एक ज्ञान होते. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे कळल्यावाचून जमिनीचा निर्णय करू नये, हे ते ज्ञान.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि जमिनीचे कायदे एकामागून एक येऊ लागले. १९६४ चा कुळकायदा आला, १९६८ ची जमीन महसूल संहिता आली, आणि १९७४ चा नगर व ग्रामनियोजन कायदा आला. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. १९९१ साली आणखी एक छोटा पण महत्त्वाचा कायदा झाला. कुळकायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास त्याने मनाई केली. कसणाऱ्याला जमीन मिळाली ती त्याने कसावी म्हणून, हे त्यामागचे सूत्र.

आता नियोजनाची रचना पाहू. नियोजन कायद्याप्रमाणे सबंध राज्यासाठी एक प्रादेशिक आराखडा असतो. कुठे वस्ती, कुठे शेती, कुठे बागायत, कुठे उद्योग, कुठे वन, हे त्यात रंगांनी दाखविलेले असते. शहरी भागांसाठी आणि त्यांच्या आसपासच्या काही गावांसाठी नियोजन व विकास प्राधिकरणे आहेत. ती आपापल्या क्षेत्रासाठी अधिक तपशिलाचा बाह्यविकास आराखडा करतात. आराखड्यातला रंग हा पहिला निर्णय. परवाना हा दुसरा. पहिला निर्णय चुकला तर दुसरा कितीही काटेकोर असला तरी उपयोग होत नाही, कारण परवाना देणारा अधिकारी रंगाला बांधलेला असतो.

एखाद्या गृहस्थाला आपल्या गावात घर बांधायचे आहे असे धरा. त्याला चार दारे ओलांडावी लागतात. पहिले दार त्याच्याच घरातले. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, कुळाची नोंद आहे काय, वाटणी झाली आहे काय, हे पाहावे लागते. गोव्यात एका भाटाला वीस वारस असणे ही नवलाची गोष्ट नाही. दुसरे दार नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयाचे. तेथे रंग पाहतात, रस्त्याची रुंदी पाहतात, चटईक्षेत्र आणि उंची पाहतात आणि तांत्रिक मंजुरी देतात. तिसरे दार महसूल खात्याचे. शेतजमीन बिगरशेती करण्यासाठी महसूल संहितेच्या बत्तिसाव्या कलमाखाली सनद घ्यावी लागते. समुद्र किंवा भरतीची नदी जवळ असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे प्राधिकरण मध्ये येते. आणि चौथे दार पंचायतीचे. १९९४ च्या पंचायतराज कायद्याचे सहासष्टावे कलम सांगते की पंचायतीच्या लेखी परवानगीवाचून गावात इमारत उभी करता येत नाही. पालिका क्षेत्रात हेच काम १९६८ च्या नगरपालिका कायद्याखाली पालिका करते. बांधकाम पुरे झाल्यावर ते मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला लागतो आणि त्यानंतर पंचायतीचा वास्तव्याचा दाखला.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करतो. घरपट्टी भरली, घराला क्रमांक मिळाला, वीज आली, म्हणजे घर कायदेशीर झाले असे पुष्कळ लोक मानतात. घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे. या गैरसमजापायी कितीतरी भल्या माणसांना पुढे नोटिसा आल्या. २०१६ साली सरकारने जुनी अनधिकृत बांधकामे ठराविक अटींवर नियमित करण्याचा कायदा केला, तो याच दुखण्यावरचा एक उपाय होता.

पंचायतीचे अधिकार किती, हा आपला मुख्य प्रश्न. सर्वसामान्य गावकऱ्याची समजूत अशी की सरपंच आणि पंच मनात आणतील तर कोणताही प्रकल्प अडवतील. बिल्डरधार्जिणे पंच आणि गावप्रेमी पंच अशी विभागणी मग सोपी होते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. अर्ज आल्यावर पंचायतीने तीस दिवसांत निर्णय कळवायचा असतो. न कळविल्यास अर्जदार पंचायत उपसंचालकाकडे अपिलात जाऊ शकतो. तांत्रिक मंजुरी आहे, सनद आहे, रंग वस्तीचा आहे, अशा स्थितीत केवळ ‘गावाला नको’ एवढ्या कारणावर नाकारलेला परवाना अपिलात टिकणे कठीण. ग्रामसभेत हात वर करून केलेला ठराव मनाला समाधान देतो; परंतु त्याच्यामागे कायद्याचे कारण नसेल तर तो तेथेच विरतो. पाणीपुरवठा अपुरा आहे, सांडपाण्याची सोय नाही, रस्ता दाखविल्याइतका रुंद नाही, नाला बुजतो आहे, अशी कारणे मोजमापांसह लिहिली तर त्या कागदाला वजन येते.

या दुबळेपणाचे मूळ घटनादुरुस्तीतच सापडते. १९९३ साली त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी या दोन्ही घटनादुरुस्त्या अमलात आल्या. पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट जोडले गेले, त्यात एकोणतीस विषय आहेत. पालिकांसाठी बारावे, त्यात अठरा. पालिकांच्या यादीत पहिलाच विषय नगरनियोजनासह नागरी नियोजन आणि दुसरा जमीनवापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन. पंचायतींच्या यादीत जमीन सुधारणा आहे, मृदसंधारण आहे, ग्रामीण गृहनिर्माण आहे. जमीनवापराचे नियोजन नाही. शहराला जो अधिकार कागदावर दिला तो खेड्याला कागदावरही दिला नाही. आणि गोव्यात शहरी आराखड्याचे कामही पालिकांच्या हाती न राहता प्राधिकरणांकडे आहे. म्हणजे निवडून दिलेल्या स्थानिक संस्थेकडे शेवटचा शिक्का आला, पहिली रेषा आली नाही.

ही पहिली रेषा लोकांच्या हाती यावी यासाठी गोव्यात जे घडले ते देशातल्या नियोजनाच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये २०११ सालासाठीचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला. डोंगर, शेते, किनारे यांवर वस्तीचा रंग चढलेला पाहून लोक अस्वस्थ झाले. डिसेंबरात ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले. ख्यातनाम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया त्यात होते. या कृतिदलाने २०२१ सालासाठीच्या आराखड्याचा मसुदा २००८ साली लोकांपुढे ठेवला आणि गावागावांचे नकाशे सूचनांसाठी पंचायतींकडे पाठविले. डोंगर-शेतांना दोन प्रकारांत संरक्षण मिळाले. वने, खारफुटी, जलस्थाने, भातशेते आणि खाजने पहिल्यात. बागायती, मिठागरे, तीव्र उतार दुसऱ्यात.

आमच्या गावच्या नकाशावर बसलेल्या मंडळींत मीही होतो. देवळाच्या अग्रशाळेत आम्ही तो नकाशा जमिनीवर पसरला होता. शिकलेले आम्ही चार-पाच जण सर्व्हे क्रमांक जुळवीत होतो. तेवढ्यात एक वयोवृद्ध शेतकरी आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी नकाशाभोवती एक फेरी घातली आणि विचारले, “तळी खंय?” तळी नकाशात नव्हतीच. जिच्या पाण्यावर खालची तीन शेते पिकतात ती तळी मोकळ्या जागेच्या रंगात बुडून गेली होती. मग त्यांनी काठीने दाखविले: पावसाचे पाणी डोंगरावरून या घळीने उतरते, तळीत थांबते, तेथून पाटाने खाजनात जाते, आणि ओहोटीला मानशीतून नदीला मिळते. या वाटेवर कोठेही भराव पडला तर वरचा वाडा पावसाळ्यात पाण्यात जाईल. ही वाट आम्ही पेन्सिलीने नकाशावर काढली. आजवर मी पुष्कळ नकाशे पाहिले. वाचता न येणाऱ्या माणसाने वाचून दाखविलेला तो एकच.

अनेक गावांत अशा बैठका झाल्या. तो आराखडा २०१० आणि २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला. तो निर्दोष नव्हता. काही गावांनी सुचविलेले बदल उतरले नाहीत, काही ठिकाणी कोणीच न सुचविलेले उतरले, अशा तक्रारी झाल्या. २०१२ नंतर काही वर्षे त्याची अंमलबजावणी थंडावली. तरीही गावाने प्रथम आपला नकाशा हातात घेतला, हे त्याचे श्रेय राहतेच.

त्यानंतरचा प्रवास उलट दिशेचा आहे. सबंध आराखडा नव्याने करण्याऐवजी एकेका जमिनीचा रंग बदलण्याच्या वाटा कायद्यात निघाल्या. २०१८ साली सोळा-ब हे कलम आले. २०२३ मध्ये सतराव्या कलमाला दुसरे पोटकलम जोडले गेले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करणे, हा त्याचा घोषित हेतू. हेतूला कोणी नाव ठेवणार नाही. आमची तळीही तशीच राहून गेली होती. परंतु दुरुस्ती जमीनमालकाच्या अर्जावर, शेजाऱ्याला आणि गावाला न विचारता, तुकड्यातुकड्याने होऊ लागली, तेव्हा आराखडा या शब्दालाच अर्थ उरेना. हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. न्यायालयाने १३ मार्च २०२५ रोजी त्या पोटकलमाखालचे नियम रद्दबातल ठरविले आणि पोटकलमाचा अर्थही मर्यादित केला. दरम्यान २०२४ साली एकोणचाळीस-अ हे कलम आले होते. रंगबदलाच्या प्रस्तावावर लोकांना सूचना व हरकती मांडण्यासाठी त्यात तीस दिवस ठेवले गेले.

तीस दिवस. पंचायतीलाही तीस दिवस आणि नागरिकालाही तीस दिवस. येथे मला एक कबुली द्यायची आहे.

अलीकडे आमच्या गावातील एका शेताच्या रंगबदलाची सूचना वृत्तपत्रात आली. ते वृत्तपत्र मी याच वाचनालयात, खिडकीजवळच्या माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसून वाचले होते. अग्रलेख वाचला, नाट्यपरीक्षण वाचले, शब्दकोडेही सोडविले. ती सूचना आतल्या पानावर बारीक टाइपात होती. त्यात शेताचे नाव नव्हते, वाड्याचे नव्हते. सर्व्हे क्रमांक, पोटविभाग आणि चौरस मीटर एवढेच. मी पान उलटले. दीड-दोन महिन्यांनी गावात बोलणे निघाले, तेव्हा कळले की तो क्रमांक त्या पाटाच्या वाटेवरच्या शेताचा होता. पाण्याची वाट दाखविणारे ते गृहस्थ तोवर हयात नव्हते. ती वाट ज्यांना ठाऊक होती आणि ज्यांना लिहिताही येत होते अशांपैकी मी एक. हरकतीची मुदत उलटून गेली होती. दोष खात्याचा किती, पंचायतीचा किती, याचा हिशेब मी नंतर केला. आपला दोष मात्र मला त्याच संध्याकाळी कळला.

खाजनाकाठचे एक शेत भरले तर काय होते, हे शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. खाजन ही समुद्रसपाटीच्या आगेमागे असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. पावसाळ्यात ती डोंगरावरचे पाणी सामावून घेते आणि ओहोटीला मानशीतून सोडते. तिचा एक भाग भरला की तेवढे पाणी शेजारी सरकते. भराव घालणाऱ्याचे जोते उंच असते, त्याच्या घरात पाणी शिरत नाही; ते शिरते मागच्या जुन्या, ठेंगण्या घरात. म्हणूनच डोंगर कापण्यास आणि सखल जमीन भरण्यास नियोजन कायद्याच्या सतरा-अ कलमाखाली स्वतंत्र परवानगी लागते. एकाच्या जमिनीचा वापर हा दुसऱ्याच्या उंबरठ्याचा प्रश्न असतो. परवान्याची सारी यंत्रणा याच एका गोष्टीसाठी आहे.

माझे बोलणे एकांगी होऊ नये. आपल्या मुलांना गावात घर बांधायचे आहे. तीन भावांचे कुटुंब आजोबांच्या घरात मावत नाही. अशा माणसाला चार दारांपुढे महिनोन्‌महिने उभे राहावे लागते. एका कार्यालयात नकाशा हवा, दुसऱ्यात त्याच नकाशाची वेगळी प्रत हवी. शेजाऱ्याची जुनी खुन्नस निघते आणि खोटी हरकत येते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो सल्लागार नेमतो आणि मार्ग काढतो. ज्याच्याजवळ नाही तो कंटाळून परवान्याविना खोली चढवितो आणि आयुष्यभर भीतीत राहतो. गाव राखायचे म्हणजे गावकऱ्याला गावात घर बांधू न देणे नव्हे. लहान घराला सुलभ वाट आणि मोठ्या बदलाला कसून तपासणी, असे असायला हवे. पुष्कळदा अनुभव याच्या उलट येतो.

पंचांच्या बाजूनेही दोन शब्द. आमच्या गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. पंच हा शेतकरी असतो, दुकानदार असतो, शिक्षिका असते. त्यांच्यापुढे पन्नास घरांच्या प्रकल्पाचे जाडजूड बाड येते. ते तपासायला पंचायतीजवळ नियोजनाचा जाणकार नसतो, आणि सचिव बहुधा एकाच वेळी दहा कामांत असतो. अशा वेळी मंजुरी दिली तर गाव संशय घेते, नाकारली तर अपिलात फटकार मिळते. अधिकार नाही, जाणकार नाही आणि जबाबदारी मात्र आहे, अशी ती खुर्ची आहे. तिच्यावर बसलेल्याला सरसकट चोर म्हणणे हा अन्याय होईल. त्याला जाणकारांची मदत मिळाली पाहिजे, आणि पहिली रेषा काढण्यात गावाला कायद्याने स्थान मिळाले पाहिजे. हे दोन बदल झाले तर पुष्कळ कलह उभेच राहणार नाहीत.

आता आरंभी राहिलेल्या प्रश्नाकडे येतो. ग्रंथालयाचा यात संबंध काय?

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली अशी की, आपल्या तालुक्यातील प्रत्येक गावाचा आराखड्यातील नकाशा या ग्रंथालयात, उघड्या टेबलावर, कोणालाही पाहता येईल असा ठेवावा. तो संगणकावर मिळतो हे मला ठाऊक आहे. परंतु टेबलावर पसरलेल्या नकाशाभोवती पाच माणसे उभी राहतात आणि त्यांतल्या एकाला तळी आठवते. दुसरी, राजपत्रात आणि वृत्तपत्रांत येणाऱ्या रंगबदलाच्या आणि बांधकामाच्या जाहीर सूचना कात्रणे करून फळ्यावर लावाव्यात, आणि सर्व्हे क्रमांकासमोर गावात प्रचलित असलेले शेताचे, भाटाचे नाव हाताने लिहावे. क्रमांक कोणाच्या मनात काही जागवीत नाहीत, नाव जागविते. तिसरी विनंती सभासदांना. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेत आयुष्य घालविलेली माणसे आहेत. महिन्यातून एका संध्याकाळी त्यांनी येथे बसावे आणि ज्याला अर्ज लिहायचा आहे, हरकत लिहायची आहे किंवा उतारा समजून घ्यायचा आहे त्याला मदत करावी. घर बांधणाऱ्यालाही करावी आणि हरकत घेणाऱ्यालाही करावी. वाचनालयाला पक्ष नसतो.

ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी हे ग्रंथालय स्थापन केले ते परक्या राजवटीत राहात होते. आपल्या भाषेतला मजकूर आपल्या माणसांना वाचायला मिळावा एवढी त्यांची साधी इच्छा होती. आज भाषा आपली आहे, राज्य आपले आहे. पण आपल्याविषयीचा एक मोठा मजकूर बारीक टाइपात छापला जातो आणि न वाचता राहून जातो. मी तो एकदा न वाचता पान उलटले. त्या दिवसापासून वृत्तपत्र हाती घेतले की मी मागच्या बाजूने वाचायला लागतो, हे येथील ग्रंथपालांनी पाहिले आहे आणि मला त्याबद्दल विचारलेही आहे. त्यांना तेव्हा द्यायचे राहून गेलेले उत्तर आज दिले.